वसाहतीच्या पंचाची खुर्ची

ती खुर्ची साधी लाकडाची होती. तिचा डावा हात सैल होता आणि बसणारा जरा जाड असला की ती कुरकुरायची. सभागृहातल्या शेगडीजवळ ती भिंतीला टेकवून ठेवलेली असे आणि वर्षभर तिच्यावर दुसरं कोणी बसत नसे, कारण ती पंचाची होती. त्या वेळी हॅम्बर्गमधल्या माझ्या घरात तिच्यापेक्षा चांगल्या चार खुर्च्या होत्या. तरी मला तीच हवी होती. आज इतक्या वर्षांनी तिची आठवण आली तरी टेबलाखाली माझा पाय हलायला लागतो.

जर्मन माणसाला शहरात राहूनही माती लागते. म्हणून तिथे गावाच्या कडेला, रेल्वेच्या रुळांपाशी, बागांच्या वसाहती असतात. प्रत्येकाला एक छोटा तुकडा, त्यात एक लाकडी खोपटं, चार झाडं, बटाटे, आणि चारी बाजूंनी हिरवं कुंपण. अशा बागेला क्लाइनगार्टन म्हणतात. आमच्या वसाहतीतलं एक म्हातारं जोडपं बाग सोडून जात होतं, तेव्हा त्यांच्याशी पाच रविवार घासाघीस करून मी त्यांचा तुकडा घेतला. खोपटं, हातपंप, फावडी आणि वर गूजबेरीची सहा झुडपं पदरात पाडून घेतली. परदेशी माणसाला सभासद करू नये असं नियमांत कुठे नव्हतं. असा कोणी येईल हे नियम लिहिणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. मी नियम आधी वाचतो, मग बोलतो.

कारण मी वकील होतो. कोकणात, तालुक्याच्या कोर्टात मी काही वर्षं वकिली केली. तिथे खून-दरोडे कुठले? सगळे खटले गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणांचे. याचा गडगा हातभर पुढे सरकला, त्याच्या फणसाची फांदी याच्या परड्यात आली, वहिवाटीच्या वाटेवर कोणी गुरं बांधली. एका फणसापायी कोकणी माणूस तीन पिढ्या कोर्टात घालवतो आणि फणस तोवर वठून जातो. त्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पण मुन्सफाच्या जागेसाठी दोनदा मुलाखत दिली आणि दोन्ही वेळा ज्याला घेतलं तो कोणाचा तरी कोणीतरी होता. मी कोणाचाच कोणी नव्हतो. माझा मामा बैलबाजारातला दलाल होता आणि त्याच्याकडे राहूनच मी शिकलो.

पन्नासच्या दशकात त्या रागातच मी बोटीवर चढलो. हॅम्बर्गच्या कचेरीतल्या माणसाने माझी सनद उजेडात धरून पाहिली, कागद चांगला असल्याचं सांगितलं आणि परत दिली. तिथल्या कोर्टात तिचा उपयोग शून्य होता. मग मी बंदरात दलाली धरली. काथ्या, काजू, काथ्याची पायपुसणी. हॅम्बर्गच्या पावसात प्रत्येक दाराशी पायपुसणं लागतं, हे माझ्याआधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. धंदा चालला. बायको आली. पण वकीलसाहेब म्हणून हाक मारणारी ती एकटीच उरली, आणि तीही टोमणा मारायचा असेल तेव्हाच.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या वसाहतीचा पंच म्हातारपणामुळे न्युरेम्बर्गला मुलीकडे राहायला गेला आणि जागा रिकामी झाली. पंच म्हणजे तिथला न्यायाधीशच. कुंपण किती उंच, कोंबडा किती वाजता आरवला, दुपारच्या शांततेत कोणी खिळे ठोकले, हे सगळं त्याच्यापुढे यायचं आणि त्याचा शब्द अखेरचा. वसंतातल्या सभेत त्याची निवड व्हायची. वसाहतीच्या फाटकावर पाटी होती की राजकीय पक्ष फाटकाबाहेर ठेवावा. का, ते कोणी सांगत नसे. विचारलं तर युद्धाआधीचे दिवस पाहिलेली म्हातारी माणसं बुटांकडे बघत. त्यामुळे उमेदवाराने आपल्या एकट्याच्या नावावर उभं राहायचं, मागे पक्ष नाही, गट नाही, भिंतीवर पत्रक नाही.

शरदातल्या सभेत मी उठून सांगितलं की मी उभा आहे.  मग लोकांनी बोटांच्या पेरांनी टेबलं ठोकली. तिथे टाळ्या वाजवत नाहीत, पसंती असली की टेबल ठोकतात. ते कानाला फार गोड लागलं. मग शाळेचे एक निवृत्त मुख्याध्यापक उठले. तेही उभे होते. त्यांच्यासाठीही ठोकलं, तेवढंच.

"आता?" बायकोने घरी जाताना विचारलं.

"आता काय? लोकांना भेटायचं."

"कसं भेटणार? इथे कोणी कोणाच्या फाटकात पाऊल टाकत नाही."

ते खरं होतं. तिथली रीत अशी की कुंपणाबाहेर उभं राहून बोलायचं, कुंपणाच्या वरून फक्त मुंडकी दिसणार, आणि बोलणं हवेपासून सुरू होऊन हवेवरच संपणार. मुख्याध्यापक रोज दुपारी टोपी घालून वाटेवरून चालत, प्रत्येक मुंडक्याला टोपी उचलून दाखवत आणि पुढे जात. तेवढाच त्यांचा प्रचार. मला असलं जमत नाही. पहिल्या रविवारी मी तीन फाटकं उघडून आत गेलो, बाकावर बसलो आणि माझं म्हणणं मांडलं. तिन्ही ठिकाणी कॉफी मिळाली. बायको बाहेर छत्री धरून उभी होती.

"ते तुमच्याकडे बघत नव्हते," ती म्हणाली.

"मग?"

"फाटकाकडे बघत होते. उघडं राहिलं होतं ते."

मी रात्रभर कूस बदलत राहिलो. कोकणात असतो तर कोणाचा मेहुणा कुठे आहे ते हेरून मतं जमवली असती. इथे मेहुणे कळत नव्हते. सकाळी उठून एल्बेच्या काठाने चालत सुटलो. चालता चालता मनाशी म्हटलं, अरे, तू दलाल आहेस. माल दाखवल्याशिवाय कोण घेतो? न्याय कसा करतोस ते दाखव.

आमच्या वसाहतीत सगळ्यांत जुनं भांडण एका आलुबुखाराच्या झाडाचं होतं. झाड गोदीत वेल्डिंग करणाऱ्या एका माणसाच्या तुकड्यात. फांद्या शेजारच्या विधवा बाईच्या तुकड्यात. वेल्डर म्हणे, फळं माझी, मला आत येऊन काढू द्या. बाई म्हणे, फांद्या कापा. चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि दर वर्षी फळं जमिनीवर कुजून गांधीलमाशा येत. हे ऐकलं आणि मला घरच्या मातीचा वास आला. फणसच की हा, नुसता आकाराने लहान.

मी दोघांना कुंपणाच्या दोन बाजूंना उभं केलं. बोलायला दोघंही तयार नव्हती.

"आधी तिने बोलायचं," वेल्डर मला म्हणाला.

"त्याला सांगा, मी इथे माझे कांदे बघायला उभी आहे," बाई म्हणाली.

तेव्हा मला मामा आठवला. बैलबाजारात किमतीचा आकडा तोंडाने बोलत नाहीत. दलाल आपला हात रुमालाखाली पुढे करतो, विकणारा रुमालाखाली त्याची बोटं दाबून आकडा सांगतो, मग घेणारा. तिसऱ्याला काही कळत नाही, समोरच्यालाही नाही. दलालाच्या हाताला तेवढं कळतं. कोणी किती खाली उतरलं ते गुपित राहतं आणि कोणाचं नाक कापलं जात नाही. मी माझा रेनकोट काढला, कुंपणावर पसरला आणि त्याच्याखाली हात घातला.

"हे काय?" वेल्डर म्हणाला.

"बाईंनी फांद्या राहू दिल्या तर त्यांच्या बाजूच्या फळांतल्या किती टोपल्या त्यांना द्याल? बोलू नका. जेवढ्या टोपल्या तेवढी माझी बोटं धरा."

तो मोठ्याने हसला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कोटाखाली हात घातला. त्याचा पंजा करवतीसारखा खरखरीत होता. त्याने एक बोट धरलं. मी तोंड वाकडं केलं, हात काढला नाही. थोड्या वेळाने त्याने दुसरं धरलं. मी बाईकडे वळलो. तिने हातमोजा काढला आणि अख्खा पंजा दाबला. म्हणजे पाच.

"गेनाऊ?" मी विचारलं. नक्की?

"गेनाऊ," ती म्हणाली, कांद्यांकडे बघत.

मी या हाताकडून त्या हाताकडे जात राहिलो. पाऊस सुरू झाला. रेनकोट कुंपणावर असल्यामुळे मी भिजत होतो, पण हात काढला तर सौदा मोडतो, हे मामाने कान पिळून शिकवलं होतं. अखेर दोघांनी तीनच बोटं धरली, एकाने नाइलाजाने, एकीने नाइलाजाचं सोंग आणून. मी कोट उचलला आणि आकडा सांगितला. वेल्डर बाईकडे बघून म्हणाला, "आल्झो, तर मग फळं काढायला शनिवारी येऊ?" चार वर्षांत तो तिच्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. "बूट पुसून या," ती म्हणाली.

आठवड्याभरात वसाहतभर बातमी गेली. लोक मला कुंपणावरून हाका मारू लागले. कोणी स्वतःचा टॉवेल घेऊन येई. कोंबड्याचं भांडण मिटवलं, रेडिओचं मिटवलं, दोघांच्या मधल्या नळाचं मिटवलं. धूर, खतखड्डा, ससे. दर रविवारी मी हात कोपरापर्यंत ओला करून घरी येई. प्रत्येक मिटलेल्या भांडणाला दोन घरं, म्हणजे दोन्हीकडची मतं. हे गणित मला पाठ होतं.

"अहो," बायको एकदा मेथी खुडता खुडता म्हणाली. आमच्या तुकड्यात आम्ही मेथी लावली होती. "एक विचारू?"

"विचार."

"तालुक्याला असताना तुम्ही कधी सगळे खटले मिटवून टाकले होते का?"

"वेडी आहेस का? मग जेवलो काय असतो?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि मेथी खुडत राहिली.

मी तिच्यावर ओरडलो. निवडणूक म्हणजे काय ते तुला कळत नाही, म्हणालो. ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला जास्त राग येतो.

हिवाळाभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बंदरात गोण्या मोजताना मनात मतं मोजायचो. बर्फात वसाहत ओस पडली तरी मी जाऊन येई, फाटकं बघून येई. पंच झाल्यावर पहिला निकाल कसा द्यायचा ते आरशासमोर जर्मनमध्ये बोलून बघायचो. वकिलीचा काळा कोट पेटीतून काढून वाऱ्यावर टाकला. तो खांद्यात घट्ट झाला होता. बायकोने शिवण उसवून तो सैल करून दिला. 

वसंतातली सभा रविवारी सकाळी भरली. शेगडी पेटलेली, बटाट्याची कोशिंबीर कडेला झाकून ठेवलेली, खोलीत ओल्या लोकरीचा वास. खुर्ची शेगडीजवळ होती. कोणीतरी तिच्यावरची धूळ पुसली होती. मी काळा कोट घालून पुढच्या टेबलावर बसलो होतो. मुख्याध्यापक समोर, टोपी मांडीवर.

अध्यक्ष गोदीतले जुने आरेखक होते. नेमका माणूस, वाक्य कमी, घड्याळ जास्त. ते उठून म्हणाले, "पंचाची निवड. त्याआधी रिवाजाप्रमाणे, कोणाचं भांडण बाकी आहे का, ते सांगावं. नव्या पंचापुढे तेच पहिलं जाईल."



मग वेल्डर उठला. "माझं होतं. मिटलं." त्याने माझ्याकडे बघून मान हलवली.

"माझंही," विधवा बाई बसल्या जागेवरून म्हणाली.

मग कोंबडेवाला. मग रेडिओवाला. मग नळावरची दोघं एकदम उठली, एकमेकांकडे बघून हसली आणि म्हणाली की मिटलं. एकेक जण उठत होता, माझ्याकडे बघत होता. माझी छाती फुगत होती. मला वाटत होतं मतमोजणीच चालली आहे. मी मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

तेवढ्यात मुख्याध्यापक उठले. टोपी टेबलावर ठेवली.

"आल्झो," ते म्हणाले. "पंच नेमायचा तो भांडणं मिटवायला. वसाहतीत आज एकही भांडण नाही. असं मी इथे आल्यापासून कधी झालं नव्हतं. पंच नेमला की त्याला काम लागतं, आणि काम नसलं की ते तयार होतं. मी माझं नाव मागे घेतो. माझी सूचना अशी, की यंदा ही खुर्ची रिकामी ठेवावी. आणि ज्यांच्यामुळे हे झालं त्या आपल्या भारतीय बागवाल्यांचे आभार मानावेत."

बागवाल्यांचे म्हणाला. वकिलांचे नाही.

मी उठलो. "पण मी उमेदवार आहे," मी म्हणालो.

"हो, हो," अध्यक्ष समजावण्याच्या सुरात म्हणाले. "पण कशाचे?"

त्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे होतं. मराठीत होतं, चांगलं लांबलचक होतं. जर्मनमध्ये काही सुचेना. दोनदा मुन्सफी हुकलेली, सनदेचा कागद चांगला म्हणणारा तो कारकून, सगळं एकदम आठवलं आणि मी मूठ वळून टेबलावर आपटली. जोरात. पेले हलले.

 मग वेल्डरने टेबल ठोकलं. बाईने ठोकलं. मग सगळ्या खोलीने ठोकलं, अगदी पोटातून, मागच्या बाकांपर्यंत. मी स्वतःच त्यांच्या रीतीने, त्यांच्याहून मोठ्याने, सूचनेला पसंती दिली होती.

"एकमताने," अध्यक्ष म्हणाले आणि घड्याळ पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, हात वर करून सांगायचं की नाही, मी विरोध करतो. सांगितलं असतं तर वसाहतीत एक भांडण तयार झालं असतं, आणि ज्याचं भांडण त्याने पंच व्हायचं नाही हा नियम होता. मी नियम आधी वाचतो, हे वर सांगितलंच आहे. तो मास्तर हरणार होता. हे मी तेव्हा म्हणालो, आज म्हणतो आणि उद्या विचाराल तरी म्हणेन. हरणाऱ्या माणसाने खुर्चीच उचलून नेली, आणि लोकांना तो मोठेपणा वाटला. कोणी म्हणतं त्याच्या मनात काही नव्हतं. असेल. मास्तर लोकांच्या मनात नसलेलंच बाहेर येतं.

बाईने मला आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी भेट दिली. मी ती घरी आणून कपाटात मागे ढकलली. पावसात चालत येताना बायको एवढंच म्हणाली, "कोट छान दिसत होता."

"पुरे."

"खरंच सांगतेय."

त्या उन्हाळ्यात मी बागेत जाणं कमी केलं. कोणी कुंपणावरून हाक मारली तर सांगे, मी पंच नाही. लोक म्हणत, माहीत आहे, आणि टॉवेल घेऊन उभे राहत. मी आत निघून जाई. मला वाटे, पडू देत भांडणं, साचू देत, पुढच्या वसंतात बघू. कपाटातली बरणी बायकोने एक दिवस न विचारता उघडली. पोळीला लावून खाल्ला मुरंबा. "चांगला झालाय हो," म्हणाली. मी खाल्ला नाही. नंतर थोडा खाल्ला.

आलुबुखार पिकले तेव्हा एका रविवारी मी माझं कुंपण कातरत होतो. मधल्या वाटेपलीकडून आवाज आले. फळं यंदा दुप्पट आली होती आणि तीन टोपल्यांचा करार आता बाईला मान्य नव्हता. मी कातरत राहिलो. म्हटलं, आता कळेल.

पण आवाज चढले नाहीत. डोकावून पाहिलं तर दोघांनी कुंपणावर एक मेणकापड टाकलं होतं आणि दोघांचे हात त्याच्याखाली होते. मधे कोणी नव्हतं. मला सोडून चाललं होतं.

आणि चुकीचं चाललं होतं. दलाल नाही म्हटल्यावर एकाचा आकडा दुसऱ्याला सरळ कळणार, मग कापड कशाला हवं? वर वेल्डर बोटं दाबता दाबता तोंडाने "फिअर, फिअर" म्हणत होता. चार, चार. सगळ्या वाटेला ऐकू जाईल असं. माझ्या मामाने ते पाहिलं असतं तर त्याच्या पाठीत काठी घातली असती. मी तोंड फिरवलं. दोन फांद्या कातरल्या. पुन्हा "फिअर" ऐकू आलं.

"तोंडाने बोलायचं नाही," मी ओरडलो. "आणि हात सोडा एकमेकांचे. असं करत नाहीत."

दोघं वळली.

"मग कसं करतात?" वेल्डर म्हणाला.

"मी पंच नाही."

"माहीत आहे. कोणीच नाही."

"या ना," बाई म्हणाली. "फाटक उघडंच आहे."

मी पाहिलं. खरंच उघडं होतं. त्या वसाहतीत रविवारी दुपारी कोणाचं फाटक उघडं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझ्या मागे बायको मेथीला पाणी घालत होती. तिने माझ्या हातातून कात्री काढून घेतली.

मी गेलो. मेणकापड नीट केलं, बाह्या वर केल्या आणि दोन्ही बाजूंना हात घातला. बाईने खोपटातून एक स्टूल आणून माझ्या मागे ठेवलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि बसलो नाही. सगळा सौदा उभ्यानेच केला. पाठ भरून आली, पण उभाच राहिलो. ती खुर्ची आणली असती तर बसलो असतो.